मांद्र्याचे डॉ. भाऊ दाजी : अनेक हातांचे एक काम

चार माणसे एकत्र जमली म्हणजे काम आपोआप होते, असा पुष्कळांचा समज असतो. तसे होत नाही, हे कचेरीत, कारखान्यात, शाळेत किंवा मंडळीच्या एखाद्या समितीत ज्यांनी काम केले आहे त्यांना चांगले ठाऊक आहे. ज्याला हिशेब समजतो त्याला भाषणाला उभे केले जाते, ज्याला बोलण्याची हातोटी आहे त्याच्या गळ्यात हिशेबाच्या वह्या पडतात, आणि ज्याला दोन्ही येते तो सगळेच काम आपल्याकडे ओढून घेतो. मग काम अडते, आणि कामापेक्षाही वाईट म्हणजे मने दुखावतात. अशा वेळी उपदेशाच्या चार ओळींपेक्षा एका कर्त्या पुरुषाचे चरित्र अधिक उपयोगी पडते. म्हणून या वेळी आम्ही आमच्या गोव्याच्या मातीत जन्मलेल्या आणि मुंबईत नावारूपाला आलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड यांची हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहोत.

जन्म आणि बालपण

गोव्याच्या उत्तर टोकाला पेडणे तालुका आहे. त्याच्या किनाऱ्यावर मोरजी आणि हरमल यांच्या मध्ये मांद्रे हे गाव आहे. पेडणे, डिचोली आणि सत्तरी हा मुलूख पूर्वी सावंतवाडीकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. डिचोली आणि सत्तरी १७८१-८२ च्या सुमारास आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीजांकडे गेले. हा मुलूख त्यांच्या हाती उशिरा आल्यामुळे तेथील लोकांचा शिक्षणाचा, लिहिण्यावाचण्याचा आणि व्यापाराचा ओढा मराठी मुलखाकडे कायम राहिला. पोट भरण्यासाठी आणि शिकण्यासाठी माणसे मुंबईची वाट धरीत.

मांद्रे गावी १८२२ मध्ये रामकृष्ण विठ्ठल लाड यांचा जन्म झाला. घरात मुलाला भाऊ आणि वडिलांना दाजी म्हणत. ही दोन घरगुती नावे जोडून झालेल्या भाऊ दाजी या नावानेच पुढे जगाने त्यांना ओळखले. घरची स्थिती बेताची होती. वडील मातीच्या बाहुल्यांचा धंदा करीत, अशी नोंद आहे. डिचोलीकडील कुंभारांचे काम ज्यांनी पाहिले आहे त्यांना ठाऊक असेल की, मातीचा धंदा एकट्याचा नसतो. एक जण माती आणतो, दुसरा ती मळतो, तिसरा आकार देतो, आणि आवा लावणारा वेगळाच असतो. यांतला एक चुकला तर सगळ्यांची मेहनत तडकते. अशा धंद्याच्या घरात भाऊ वाढले.

कुटुंब मुंबईस आले. लहानग्या भाऊंची बुद्धिबळातील चलाखी एका इंग्रज गृहस्थाच्या नजरेस आली, आणि या मुलाला इंग्रजी शिक्षण द्यावे असे त्याने वडिलांना सुचविले, असे सांगतात. गुण मुलात होताच. परंतु तो ओळखणारा आणि योग्य माणसाच्या कानावर घालणारा कोणी भेटावा लागतो. पुढे भाऊंनी हेच काम दुसऱ्यांसाठी जन्मभर केले.

एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचे शिक्षण झाले आणि तेथेच ते शिक्षक झाले. काठेवाड आणि कच्छ या भागांत नवजात मुलींना मारून टाकण्याची दुष्ट चाल होती. तिच्यावर त्यांनी लिहिलेल्या निबंधाला बक्षीस मिळाले. मुलींच्या जिवाची आणि पुढे त्यांच्या शिक्षणाची काळजी ही भाऊंच्या आयुष्यातील पहिली तळमळ होती, असे म्हणण्यास हरकत नाही.

वैद्यकीची दीक्षा

१८४५ मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. शिक्षकाची नोकरी सोडून भाऊ तेथे विद्यार्थी म्हणून दाखल झाले. डॉ. चार्ल्स मोरहेड यांच्या देखरेखीखाली शिकून १८५१ मध्ये पहिली तुकडी बाहेर पडली, तीत भाऊ होते. त्याच तुकडीत आत्माराम पांडुरंग तर्खडकर होते, आणि गोव्याचे जोझे कामिलो लिस्बोआ हेही होते. एकाच वर्गात बसलेल्या या तिघांच्या वाटा पाहण्यासारख्या आहेत. आत्माराम पांडुरंगांनी १८६७ मध्ये प्रार्थना समाजाच्या स्थापनेत पुढाकार घेतला. लिस्बोआ वनस्पतिशास्त्राकडे वळले. भाऊ इतिहासाच्या शोधात शिरले. तिघेही वैद्य होते. परंतु प्रत्येकाने आपल्याला दिलेले वेगळे देणे ओळखले आणि वापरले.

भाऊंचा दवाखाना जोरात चालू लागला. श्रीमंतांची घरे त्यांना बोलावू लागली, आणि गरिबांना फुकट औषध देण्याचेही काम सुरू झाले. येथे एका माणसाचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. तो म्हणजे त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी. तेही ग्रँट मेडिकल कॉलेजातून वैद्य झाले होते. नारायणरावांना देशी औषधी वनस्पतींची आवड होती, आणि त्या काळी अगदी नवी असलेली छायाचित्रणाची कला त्यांनी साधली होती. थोरल्या भावाच्या सावलीत धाकट्याचे गुण सुकून जातात, असे आपण कित्येक घरांत पाहतो. या घरात तसे झाले नाही. दवाखान्याचा भार दोघांनी उचलला, आणि धाकट्यालाही आपल्या आवडीचे क्षेत्र राहिले.

सार्वजनिक कामातील वाटणी

२६ ऑगस्ट १८५२ रोजी मुंबईत बॉम्बे असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. लोकांची गाऱ्हाणी पार्लमेंटपर्यंत पोहोचवावी, हा तिचा हेतू होता. अध्यक्षपदी नाना शंकरशेट होते. त्यांचे वजन, त्यांची दौलत आणि सरकारदरबारी असलेला त्यांचा मान ही संस्थेची मोठी ठेव होती. परंतु अर्ज लिहिणे, माहिती गोळा करणे, सभा बोलावणे, निरनिराळ्या जातिधर्मांच्या माणसांशी बोलत राहणे, हे काम वेगळ्या प्रकारचे होते. ते चिटणीस म्हणून भाऊ दाजींकडे आणि विनायकराव जगन्नाथजींकडे आले. संस्थेत मतभेद झाले आणि काही वजनदार माणसे दूरही झाली. तरी मुंबईतून लोकांच्या वतीने एक सविस्तर अर्ज विलायतेस गेला.

मुलींच्या शाळांची हकीकत अशीच आहे. स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी ही संस्था १८४८ मध्ये निघाली आणि पुढच्याच वर्षी तिने मुलींच्या शाळा उघडल्या. पैसा नव्हता. तेव्हा दादाभाई नौरोजींसारख्या तरुणांनी आपला फावला वेळ दिला आणि बिनपगारी शिकविले. नाना शंकरशेटांनी जागा दिली. भाऊ पुढे या संस्थेचे पहिले हिंदी अध्यक्ष झाले, आणि त्यांच्या चाहत्यांनी निधी जमवून त्यांच्या नावे मुलींची शाळा चालविली. ज्याच्याकडे वेळ होता त्याने वेळ दिला, ज्याच्याकडे जागा होती त्याने जागा दिली, आणि ज्याच्या शब्दाला मान होता त्याने आपला शब्द खर्च केला.

भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाचे कामही याच पद्धतीने झाले. समितीचे अध्यक्ष नाना शंकरशेट होते, आणि डॉ. जॉर्ज बर्डवुड व भाऊ दाजी हे दोघे चिटणीस. बर्डवुड यांना हिंदुस्थानातील वनस्पती आणि हस्तकला यांचे ज्ञान होते. भाऊंना येथील लोकांची मने आणि भाषा ठाऊक होत्या. १८६२ मध्ये इमारतीचा पाया घातला गेला आणि १८७२ मध्ये संग्रहालय लोकांसाठी उघडले. नाना १८६५ मध्येच वारले. त्यांना ते पाहता आले नाही. १९७५ मध्ये या संग्रहालयाला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले. जीर्ण झालेल्या या वास्तूचा २००३ पासून महापालिका, इन्टॅक आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांनी मिळून जीर्णोद्धार केला. त्या कामाला २००५ मध्ये युनेस्कोचे पारितोषिक मिळाले, आणि २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा उघडले.

न्यायासनापुढील साक्ष

१८६० मध्ये करसनदास मुळजी या गुजराती पत्रकाराने आपल्या सत्यप्रकाश पत्रात वैष्णव महाराजांच्या अनाचारावर कडक लेख लिहिला. जदुनाथजी महाराजांनी त्यांच्यावर आणि मुद्रक नानाभाई राणिना यांच्यावर ५०,००० रुपयांच्या नुकसानभरपाईचा अब्रुनुकसानीचा दावा लावला. हा खटला १८६२ मध्ये मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयात चालला आणि साऱ्या शहरात गाजला.

या खटल्यात एकट्या करसनदासांच्या लेखणीने निभावले नसते. अँस्टी नावाच्या बॅरिस्टरांनी कायद्याची बाजू सांभाळली. आपल्या वाचकांना परिचित असलेले स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनी संप्रदायाच्या ग्रंथांविषयी जाणकार म्हणून साक्ष दिली. आणि भाऊ दाजींनी वैद्य या नात्याने आपल्याला जे माहीत होते ते न्यायासनापुढे सांगितले. ज्या धनिक समाजातील घरे त्यांच्या दवाखान्याचा आधार होती, त्याच समाजाची नाराजी ओढवून घेणारी ती साक्ष होती. २२ एप्रिल १८६२ रोजी निकाल लागला आणि मुख्य मुद्द्यावर करसनदासांची बाजू खरी ठरली. पत्रकार, मुद्रक, बॅरिस्टर, धर्मग्रंथांचा अभ्यासक आणि वैद्य असे पाच जण, धर्माने आणि भाषेने वेगळे. प्रत्येकाने आपल्याला ठाऊक असलेले तेवढेच सांगितले, आणि सत्य उभे राहिले.

डॉ. विल्सन आणि भाऊ यांचे धर्माविषयी एकमत नव्हते. भाऊंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला नाही. तरीही रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेत आणि अन्य कामांत त्यांनी एकमेकांच्या विद्वत्तेचा आदर केला. मतभेद असताना एकत्र काम कसे करावे, याचा हा धडा आपण लक्षात ठेवण्यासारखा आहे.

दगडावरची अक्षरे

भाऊंना सर्वांत प्रिय असलेले काम म्हणजे प्राचीन इतिहासाचा शोध. कालिदासाचा काळ, आर्यभट आणि वराहमिहिर यांचे ग्रंथ, अजिंठ्याच्या लेण्यांतील लेख, अशा विषयांवर त्यांनी निबंध लिहिले. परंतु त्यांची अडचण उघड होती. सकाळ-संध्याकाळ रोग्यांची रीघ लागलेली. काठेवाडातला शिलालेख वाचावयाचा तर महिनाभर मुंबई सोडावी लागणार. येथे बहुतेक माणसे एक तर आवडीचे काम सोडून देतात, नाही तर दोन्हींची आबाळ करतात. भाऊंनी तिसरा मार्ग शोधला.

जुनागढ येथे १८३९ मध्ये जन्मलेले भगवानलाल इंद्रजी नावाचे एक तरुण होते. त्यांच्या गावाजवळ गिरनारच्या पायथ्याशी अशोकाचे लेख कोरलेली मोठी शिळा आहे. याच लेखांची प्रत डॉ. विल्सन यांनी १८३५ मध्ये मिळविली होती आणि कलकत्त्यास जेम्स प्रिन्सेप यांच्या ब्राह्मी लिपीच्या शोधाला तिचा उपयोग झाला होता. प्रिन्सेप यांनी लावलेली अक्षरे पाहून भगवानलाल त्या शिळेवरचे लेख स्वतः वाचू लागले. फोर्ब्स नावाच्या अधिकाऱ्याने त्यांचे नाव भाऊंना कळविले, आणि १८६१-६२ च्या सुमारास भगवानलाल मुंबईस आले.

दोघांच्या गुणांची जोडणी पाहण्यासारखी आहे. भाऊंजवळ इंग्रजी होते, ग्रंथसंग्रह होता, युरोपातील विद्वानांशी पत्रव्यवहार होता आणि खर्च करण्याची ऐपत होती. वेळ मात्र नव्हता. भगवानलालांना इंग्रजी फारसे येत नव्हते. परंतु त्यांची नजर तीक्ष्ण होती, हात स्थिर होता आणि पायांना प्रवासाचा कंटाळा नव्हता. त्यांनी दूरदूरचे प्रवास केले. थेट नेपाळपर्यंत ते गेले. शिळांवरच्या अक्षरांच्या हुबेहूब नकला घेऊन ते पाठवीत किंवा आणीत. भाऊ त्या वाचून, ताडून, अर्थ लावून विद्वानांच्या सभेपुढे ठेवीत. मधल्या पत्रांत आणि बैठकींत जे बोलणे होई त्यावर सारे अवलंबून होते. एक काना चुकीचा उतरला तर राजाचे नाव बदलते. नक्कल करणाऱ्याने शंका लपविली तर वाचणारा फसतो, आणि वाचणाऱ्याने विचारण्यात कमीपणा मानला तर दोघांचीही मेहनत फुकट जाते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. सभेत निबंध वाचणाऱ्याचे नाव जगाला कळते. उन्हात शिळेवर वाकून अक्षरे उतरविणाऱ्याचे तितके कळत नाही. या जोडीतही मोठे नाव भाऊंचेच झाले. परंतु त्यांच्यापाशी असताना भगवानलालांच्या विद्येला धार आली, हेही खरे आहे. भाऊंच्या मागे ते स्वतंत्रपणे उभे राहिले. १८८२ मध्ये त्यांनी सोपारा येथील स्तूपाचे उत्खनन केले. त्यांचे गुजरातीतील लेखन डॉ. ब्यूलर आदी विद्वानांनी इंग्रजीत आणले, आणि १८८४ मध्ये हॉलंडमधील लायडन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय पदवी दिली. हाताखालचा माणूस आपल्यानंतर आपल्याइतकाच मोठा होतो, यापेक्षा मोठी पावती वरिष्ठाला कोणती मिळणार?

मुठीत राहिलेले औषध

आता त्यांच्या आयुष्यातील एक दुःखाची बाजू. भाऊंनी कुष्ठरोगावर उपचार शोधण्याचा मोठा प्रयत्न केला. त्या काळी महारोगी म्हणून घराबाहेर काढलेल्या माणसांना त्यांनी जवळ केले, जुने संस्कृत वैद्यकग्रंथ चाळले, आपल्या कोकण-गोव्याच्या रानात होणाऱ्या कडू कवठीसारख्या झाडांचे गुण तपासले. पुष्कळ रोग्यांना गुण आल्याचे बोलले जाऊ लागले, आणि दूरदूरचे लोक त्यांच्याकडे येऊ लागले.

मात्र औषधाची संपूर्ण माहिती त्यांनी आपल्या हयातीत उघड केली नाही. त्याबद्दल वैद्यकीच्या क्षेत्रात त्यांच्यावर टीका झाली. इतर सर्व कामांत मोकळ्या हाताने वाटून घेणारा हा माणूस येथे एकटा राहिला. पुरती खात्री होण्यापूर्वी बोलू नये, हा सावधपणाही यामागे असू शकतो. त्यांच्या मनाचा न्याय आपण करू नये. परंतु परिणाम आपल्यासमोर आहे. ज्या प्रयोगाला दहा दवाखान्यांची, शंभर नोंदींची आणि विरोधी मत देणाऱ्या वैद्यांचीही गरज होती, तो एका माणसाच्या आयुष्याएवढाच टिकला.

मे १८७४ मध्ये भाऊ दाजी वारले. आदल्याच वर्षी नॉर्वेमध्ये डॉ. हान्सन यांना कुष्ठरोगाचे जंतू दिसले होते, आणि १८७४ मध्येच वेल्स्ली बेली यांनी आयर्लंडमध्ये कुष्ठरोग्यांसाठी मिशन स्थापन केले. हिचे पुढचे काम आपल्या मंडळ्यांना माहीत आहे. कडू कवठीच्या जातीच्या बियांचे तेल त्यानंतर कित्येक वर्षे जगभर कुष्ठरोगावर वापरले गेले. १९४० नंतरच्या दशकात सल्फोन औषधे आली तेव्हा त्याचा काळ संपला. भाऊ बरोबर दिशेने चालले होते. त्यांच्या नोंदी आणखी चार हातांत गेल्या असत्या तर किती रोग्यांचा फायदा झाला असता, हा विचार मनाला चटका लावतो.

आपण काय घ्यावे

मुंबई विद्यापीठाचे पहिल्या नेमणुकीतले फेलो, १८६९ आणि १८७१ असे दोनदा मुंबईचे शेरीफ, विलायतेतील विद्वत्सभांचे सभासद, असे अनेक मान भाऊंना मिळाले. १८६५ च्या शेअरबाजाराच्या पडझडीत त्यांना मोठा आर्थिक फटकाही बसला. मान गेले, पैसा गेला. त्यांनी जमविलेल्या हस्तलिखितांचा संग्रह मात्र एशियाटिक सोसायटीत राहिला, संग्रहालय राहिले, आणि शिलालेखांचे वाचन पुढच्या विद्वानांच्या हाती आले. जे अनेकांच्या हातांनी झाले ते टिकले. जे मुठीत राहिले ते मुठीबरोबर गेले.

करिंथ येथील भांडणाऱ्या मंडळीला पौलाने शरीराच्या निरनिराळ्या अवयवांचा दाखला का दिला, हे अशा चरित्रावरून ध्यानात येते. डोळ्याने हाताला कमी लेखू नये, आणि पायाने आपण हात नाही म्हणून कष्टी होऊ नये. कामाच्या ठिकाणी याचा अर्थ साधा आहे. प्रथम आपल्याला काय येते आणि काय येत नाही हे स्वतःशी मान्य करावे. मग शेजारच्या माणसाला काय चांगले येते हे शोधून ते त्याला आणि वरिष्ठालाही सांगावे. आपल्याला ठाऊक असलेले कामाचे ज्ञान कुलुपात ठेवू नये. शंका असेल तर ती वेळेवर बोलून दाखवावी. आणि श्रेय वाटताना, ज्याने शिळेवर वाकून अक्षरे उतरविली त्याचे नाव आधी घ्यावे.

आज पेडणे आणि डिचोलीची मुले मुंबईस न जाताही मोठ्या कामांत शिरत आहेत. मांद्र्यापासून फार दूर नसलेल्या मोपा येथील विमानतळावरून जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली. एक विमान वेळेवर सुटावे म्हणून सामान उचलणारा, तिकीट तपासणारा, यंत्र पाहणारा आणि आकाशवाट सांगणारा असे कितीतरी जण एकमेकांवर विसंबून असतात, आणि एकाने कळविलेली बातमी दुसऱ्यापर्यंत न पोहोचल्यास काय होईल ते सांगावयास नको. अशा कामावर जाणाऱ्या आमच्या तरुण बंधुभगिनींनी मांद्र्याच्या या डॉक्टरांचे चरित्र अवश्य आठवावे. आणि ज्यांच्या हाताखाली दहा-वीस माणसे काम करतात त्यांनी या आठवड्यात एक काम करावे: आपल्या माणसांपैकी जो अगदी गप्प असतो त्याच्याजवळ बसावे, आणि त्याला काय चांगले येते ते विचारावे.